बांधाचं पोट

सरळ चाललेल्या या बांधाला मधेच पोट सुटलंय, दिसतंय ना? परवा एक इंजिनिअर आले होते. म्हणाले, बांधणाऱ्याचा हात चुकलाय. म्हटलं, साहेब, चाळीस वर्षं मी इथला पाटकरी होतो, पाटाचं पाणी सोडलं-अडवलं; हात चुकलेला नाही, बसा, सांगतो. त्यांना घाई होती. तुम्हाला नसेल तर सावलीला या. त्या मोठ्या दगडावर तेवढं बसू नका. का, ते कळेलच.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. आमच्या नांदूरखडीला उन्हाळ्यात ओढ्यात झिरे खणून वाटी-वाटीनं पाणी भरावं लागायचं. गावानं मातीचा बांध घातला, तर वळवाच्या एका पावसानं तो एका दुपारीत नेला. मग रंगराव पाटलांनी वडार आणले. नागाप्पा मुकादम, त्याची बायको तिमव्वा आणि दहा-बारा माणसं. ओढ्याकाठी पालं ठोकून राहिली. अख्खा हिवाळा त्यांनी दगड फोडला, चुना मळला आणि चैत्र लागायच्या आत बांध उभा केला. एका दगडाची जागा तेवढी मोकळी राहिली.

ती मुद्दाम ठेवलेली. त्या लोकांची रीतच तशी, की शेवटचा दगड मुकादमाच्या बायकोनं हळदकुंकू लावून बसवायचा, आणि तोही अक्षय्य तृतीयेलाच. पाटील म्हणत होते, आत्ताच बसवून मोकळे व्हा. तिमव्वानं ऐकलं नाही. महिनाभर भोक तसंच राहिलं.

तृतीयेला गाव जमलं, वाजंत्री आली. तिमव्वानं दगडाला हळद लावली, जागा साफ करायला भोकात हात घातला आणि तसाच मागं घेतला. आत दयाळाचं घरटं होतं, त्यात चार अंडी. तो काळा-पांढरा, शेपटी वर करून मिरवणारा, पहाटे तुमच्या खिडकीशी गातो, तोच दयाळ.

पाटील म्हणाले, "तिमव्वा, वळीव कधीही येईल. पाखरू काय, दुसरीकडं अंडी घालील."

"जागा मी मोकळी ठेवली, मालक," ती म्हणाली. "तिला ते घर वाटलं. आता माझ्या हातानं मी ते बुजवणार नाही."

"आणि बांध गेला तर?"

"गेला तर त्याच्याबरोबर मीही जाईन."

एवढं बोलून ती बाई हातावर हात ठेवून बसली नाही, हे ध्यानात घ्या. नुसते बोलणारे आपल्याकडं पैशाला पासरी. त्याच दुपारी तिनं पाण्याच्या बाजूनं भोकाच्या पुढ्यात नवा पाया खणायला घेतला. भोक कोरड्या बाजूला उघडं राहील आणि पाण्याकडून एक अर्धगोल भिंत त्याला कवेत घेईल, असा तिचा बेत. नागाप्पा आधी चिडला, मग बायको ऐकत नाही म्हटल्यावर त्यानंही पहार उचलली. पाटलांनी चुना देणं बंद केलं, तर या लोकांनी टेकडीवरची चुनखडी फोडून स्वतः भाजली. गाव हसायचं ते हसलं. बाराव्या दिवशी पिल्लं निघाली. छिन्नीचा ठणठणाट चालू असला तरी दयाळीण चोचीत किडे घेऊन यायचीच, असं सांगतात.

विसाव्या दिवशी डोंगरात वळीव कोसळला. ओढा तांबडा होऊन आला. पोटाचा वरचा थर अजून ओलाच होता. तिमव्वा कोरड्या बाजूला गेली आणि भोकाखाली बांधाला पाठ टेकून उभी राहिली. नागाप्पानं हाका मारल्या, पाटलांनी हात जोडले. ती हलली नाही. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याशी आलं. डोक्यावर पिल्लं चिवचिवत होती आणि ती त्यांना म्हणत होती म्हणे, "गप रे, मी हाय." दिवस मावळता पाणी चढायचं थांबलं. बांध उभा होता आणि भोक आतून कोरडं होतं.

आठवड्यानं पिल्लं उडाली. पाटील स्वतः आले आणि म्हणाले, "बाई, आता तरी दगड बसव."

तिनं आत हात घालून विस्कटलेल्या काड्या सारख्या केल्या. म्हणाली, "पुढच्या साली ती परत येईल, मालक. आमचं काही सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी पालं उचलून ते लोक निघून गेले. कुठं गेले, कुणाला ठाऊक नाही.

आजही तो शेवटचा दगड इथंच आहे, तुम्ही बसायला निघाला होता तोच. तृतीयेला गाव त्याला हळद लावतं, बसवत मात्र नाही. आमच्याकडं नवं घर बांधलं की चौकटीशेजारी एका विटेची जागा सोडतात, अगदी स्लॅबच्या घरालासुद्धा. गवंडी बाहेरगावचा असला की तो ती लिंपून टाकतो, मग घरची बाई छिन्नी घेऊन उकरत बसते. माझ्या सुनेनं गेल्याच महिन्यात उकरली.

तिमव्वा जन्मभर पालात राहिली. तिनं ठेवलेलं घर तेवढं हे. टाचा उंचावा जरा, बघा. हात घालू नका, आत चार अंडी आहेत.