शेंड्याची कळी

झाडं माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. गुलखैऱ्याचा बहर संपला, बियाही गळून गेल्या, पण माळीण चंद्राक्का कात्री घेऊन आली की तो म्हणे, "थांब, शेंड्याला अजून एक कळी आहे!" ती बिचारी परत जाई.

शेवटी त्याला आधार देणारी काठी वैतागली. "पंधरा दिवस हेच ऐकतेय! ती कळी केव्हाच वाळली. पानापानावर तांबेरा रोगाचे ठिपके, आणि भार माझ्यावर! जरा खाली बघ की!"

गुलखैऱ्याने जन्मात पहिल्यांदा खाली पाहिलं. त्याच्याच बुडाशी कोवळे फुटवे आले होते, आणि त्यांच्यावरही ते ठिपके उमटू लागले होते.

सकाळी तो म्हणाला, "अक्का, अगदी बुडापासून काप."

काठी करवादली, "झालं! म्हणजे आता या पोरांना धरून उभी राहू!"