उत्पलेची घटिका

ही कथा मी तरुणपणी एका वृद्ध भंतेंच्या तोंडून ऐकली. त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. नगराचे नाव शोणवती होते की शोणपुरी, हे आता मला नक्की सांगता येत नाही. पुढे पालीच्या अभ्यासात आयुष्य गेले, पण ही कथा कोणत्याही संग्रहात सापडली नाही. त्यामुळे यात भंतेंचे किती आणि माझे किती, याची खात्री मी देऊ शकत नाही. आठवते तशी सांगतो.

शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, विहारात प्रवचन करीत असताना एका कोष्टिणीचे तान्हे मूल रडू लागले. एक भिक्खू पुटपुटला, "काम सोडवत नाही, मूल सोडवत नाही, मग इथे यायचं कशाला?" तोवर एका म्हाताऱ्या भिक्खुणीने ते मूल मांडीवर घेतले होते. शास्ता म्हणाले, "भिक्खू, हे तू पूर्वीही एकदा म्हणाला होतास." आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली.

फार पूर्वी शोणवतीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. नगर नदीकाठी वसलेले होते. तिथे सकाळी धुके इतके दाट उतरे की माणसे एकमेकांना आवाजावरून ओळखत, आणि नावा दिसण्याआधी वल्ह्यांचा आवाज येई. अशा नगरात सूर्याचा काय भरवसा! म्हणून सगळे व्यवहार मनोऱ्यातल्या घंटेवर चालत. मनोऱ्याच्या माथ्यावरच्या खोलीत पाण्याने भरलेले गंगाळ होते. त्यात बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत असे. वाटी हळूहळू भरे, आणि बुडाली की एक घटिका झाली असे समजून घंटा वाजे.

दिवसाच्या घंटेवर उत्पला नावाची स्त्री होती. हे काम तिला वडिलांकडून मिळाले होते आणि त्यावाचून तिला दुसरे काही येत नव्हते. रीत अशी होती की घटिका पाहणाऱ्याने एकट्याने बसायचे, वाटीवर वाकून नजर खिळवायची, आणि तीनदा घंटा चुकली तर घंटा वाजवायची लाकडी मोगरी राजाच्या पायाशी ठेवून कायमचे निघून जायचे.

उत्पलेला मुलगी झाली. तीन महिने तिच्या जागी अमात्यांचा मुलगा सुदर्शन बसला. मग तिने कामावर परतायचे ठरवले. नवरा नावाडी, तो समुद्राकडे गेलेला. घरात दुसरे कोणी नव्हते. शेजारीण म्हणाली, "ठेव की माझ्याकडे, माझ्या सहांत सातवं." पण तिच्या सहांपैकी एक त्या वेळी चुलीपाशी राख खात होते. शेवटी नगराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुंभारवाड्यात, वेणुका नावाची म्हातारी सापडली. तिने बाळाला हातात घेऊन जोखले आणि म्हणाली, "बेडकी आहे नुसती! राहील माझ्याकडे."

पहिल्या दिवशी उत्पलेचा पाय दारातून निघेना.

"आजी, ती उजव्या कुशीवर झोपते."

"बरं."

"आणि पाळण्यापेक्षा झोळी—"

"पोरी, तू दारात उभी आहेस तोवर ती रडणार. तू जा, म्हणजे आम्ही दोघी आमचं बघतो."

उत्पला धुक्यात शिरली. मागचे रडणे थोडा वेळ तिच्याबरोबर चालत आले, मग थांबले. थांबले, याचेच तिला जास्त वाईट वाटले.

त्या पंधरवड्यात दोनदा माध्यान्हीची घंटा चुकली. फार नाही, पाच-सहा पळे आधी वाजली. पण तोवर धुके विरलेले असल्याने राजवाड्याच्या अंगणात वेळ पाहण्यासाठी रोवलेल्या शंकूच्या सावलीने ती चूक दाखवून दिली. दुसऱ्या वेळी तर माध्यान्हीची नाव राजपुरोहिताला न घेताच सुटली. तो एक पाय पाण्यात आणि एक पायरीवर असा उभा राहिला. दरबारात येऊन तो म्हणाला, "महाराज, तिला काम सोडवत नाही, मूल सोडवत नाही. मग नगराने तिच्या पान्ह्यावर चालायचं का?" लोक हसले.

राजाने चौकशी अमात्यांवर सोपवली. घरी त्यांची पत्नी म्हणाली, "तीन महिन्यांत आपल्या सुदर्शनाची एकही घटिका चुकली नाही. आता तुम्ही नुसते गप्प बसलात तरी मोगरी त्याचीच." बोधिसत्त्वांना मुलाची माया होती. ते खरोखरच गप्प बसले. पण दुसऱ्या सकाळी मनोरा चढून उत्पलेच्या मागे जाऊन बसले.

खोलीत धुके आले होते. गंगाळातले पाणी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नव्हते. वाटी जणू कशावरच टेकलेली नव्हती. उत्पलेची नजर वाटीवर होती, पण ती वाटी पाहत नव्हती. वाटी किंचित डुलली की तिचे ओठ हलत, अंगाई म्हणावी तसे. माध्यान्ह जवळ आली, धुके विरले, तशी तिच्या शालीची कड ओली झाली. मग त्या कडेवरून एक थेंब वाटीत पडला. मग एकामागून एक पडतच राहिले. तिला त्याचा पत्ताच नव्हता. वाटी बुडाली आणि तिने घंटा वाजवली, वाटी बुडाली त्याच क्षणी, अगदी रीतीप्रमाणे. खाली शंकूची सावली मात्र अजून माध्यान्हीच्या रेषेला टेकायची होती. ही तिसरी चूक होती.

उत्पलेने मोगरी पदरात गुंडाळली आणि पायऱ्या उतरू लागली. बोधिसत्त्वांनी बुडाच्या छिद्रावर बोट दाबून वाटी पाण्यातून उचलली. आतले पाणी तांदळाच्या धुवणासारखे होते. छिद्र मेणाने बुजवून वाटी तशीच सेवकाच्या हाती देऊन ते आधी कुंभारवाड्यात गेले.

"बाळ कधी उठतं, आजी?"

"माध्यान्हीच्या घंटेच्या जरा आधी, रोज. आताही तशीच उठली. तोंडाने चाचपडते, रडते. इथून ही तिला हाक मारते की तिथून ती हिला, देव जाणे. मध्ये अख्खं नगर आहे."

दुपारी भरलेल्या दरबारात उत्पला मोगरी ठेवण्यासाठी वाकली होती. ती म्हणत होती, "माझा डोळा लागला नाही, महाराज. का चुकतं ते मला कळत नाही." तेव्हा बोधिसत्त्व आत आले. मागे वेणुका होती आणि तिच्या कडेवर बाळ, तिची बेडकी. त्यांनी वाटी राजासमोर धरली.

"महाराज, हिने घंटा अचूक वाजवली. वाटीच लवकर भरली, ती या दुधाने. हिला मनोऱ्यात एकटीला बसवायची रीत आपण केली, पण हिचं शरीर ती रीत मानत नाही. मनोऱ्याखाली तेलाचे रिकामे बुधले ठेवायची खोली आहे. ती या आजींना द्या. मूल उठलं की उत्पला खाली येईल, आणि तेवढा वेळ सुदर्शन वाटीपाशी बसेल."

दरबारात उभा असलेला सुदर्शन म्हणाला, "बाबा, म्हणजे मोगरी मला नाहीच?"

"मोगरी तिची आहे. ती खाली असेल तेवढा वेळ तू सांभाळायचा."

त्याचा चेहरा उतरला. तो मुलीकडे वळला. मग म्हणाला, "पण ही उठली ते वर मला कळणार कसं?"

"कळेल रे बाबा," वेणुका म्हणाली, "साऱ्या नगराला कळेल."

राजा हसला आणि त्याने मोगरी स्वतःच्या हाताने उत्पलेला परत दिली. पुढे त्या खोलीत माळिणींची आणि रंगारणींचीही मुले येऊ लागली. धुक्याच्या सकाळी नावाडी सांगत, की दोन घंटांच्या मध्ये आता नदीवर मुलांचे हसणे ऐकू येते, आणि त्यावरून काठ सापडतो.

गोष्ट संपवून शास्ता म्हणाले, "भिक्खू, नाव चुकलेला पुरोहित तूच होतास. उत्पला म्हणजे ही कोष्टीण, आणि वेणुका म्हणजे जिच्या मांडीवर आता हे मूल झोपले आहे ती भिक्खुणी. अमात्य मी होतो." भंते हिला करुणेची कथा म्हणत. नुसती दया नव्हे, तर जवळ बसून नीट पाहणारी करुणा.

दुधाच्या थेंबांचा भाग मला अतिशयोक्तीचा वाटे, आणि वर्गात ही कथा सांगताना मी तो गाळत असे. पुष्कळ वर्षांनी माझी सून बाळाला पाळणाघरात ठेवून पुन्हा कामावर जाऊ लागली, तेव्हा मी भीत भीत तिला विचारले. ती म्हणाली, "बाबा, म्हणून तर मी बैठकीला शाल घेऊन बसते." नंतर तिच्या डॉक्टरांनाही विचारले. त्यांनी सांगितले, की मूल दूर असले तरी त्याच्या पिण्याच्या वेळेला आईला पान्हा फुटू शकतो.