साहेबांचा वाटा

मुलांनो, एका डोंगराळ जंगलात सिंहाने एक तुरुंग केला होता. तुरुंग म्हणजे एक बुटकी गुहा आणि तिच्या तोंडाशी काट्यांचे कुंपण. त्या तुरुंगावर अधिकारी म्हणून एक अस्वल राहत असे. स्वभावाने ते सरळ होते. कैद्यांवर ते कधी गुरगुरले नाही, की कोणाच्या तोंडचा घास त्याने कधी काढला नाही. दोष एकच, अंगात आळस फार. रोज कंदमुळांची पाटी घेऊन त्या बुटक्या दारातून वाकून आत शिरायचे, हे त्याच्या अगदी जिवावर येई.

अंडी चोरल्याबद्दल एक कोल्हा तिथे शिक्षा भोगत होता. त्याने हे बरोबर हेरले. एक दिवस तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, आपण एवढे मोठे अधिकारी. असं वाकून वाढणं आपल्याला शोभतं का? पाटी दारात ठेवा, मी वाटून देतो. कोणाचं काही म्हणणं असलं, तर तेही मीच आपल्या कानावर घालीन."

अस्वलाला ते पटले. त्याने सगळ्यांना बजावले, "आजपासून वाटप कोल्हा करील. काही सांगायचं असेल तर त्याला सांगा. मला उठवू नका." तेव्हापासून अस्वल पाटी दारात टेकवी आणि जांभळीखाली खुशाल ताणून देई. संध्याकाळी ते विचारी, "सगळं ठीक ना रे?" कोल्हा म्हणे, "एकदम ठीक, साहेब. कोणाची काही तक्रार नाही." कैदेत असूनही कोल्ह्याच्या अंगावर मूठभर मांस चढले होते. ते पाहून अस्वलाला वाटे, आपल्याकडचे खाणे चांगलेच मानवते म्हणायचे!

यथावकाश कोल्ह्याची शिक्षा संपली आणि तो झुपकेदार शेपूट मिरवीत निघून गेला. मग अस्वलाला स्वतःच आत जाणे भाग पडले. कण्हत-कुथत ते गुहेत शिरले आणि पुढे आलेल्या प्रत्येकासमोर त्याने कंद, बोरे, उंबरे ठेवली. पण कोणी तोंड लावेना. माकडाने आपल्यापुढच्या खाण्याचे दोन भाग केले आणि मोठा भाग अस्वलाच्या पायाशी सरकवला. भेकराने तसेच केले. म्हाताऱ्या साळिंदराने तर एकच कंद स्वतःला ठेवला.

"अरे, हे काय? भूक नाही का तुम्हाला?" अस्वलाने विचारले.

भेकर खाली मान घालून म्हणाले, "साहेब, हा आपला वाटा."

"माझा वाटा? कसला माझा वाटा?"

"कोल्हा रोज आपल्यासाठी काढून घ्यायचा. म्हणायचा, साहेबांचा वाटा आधी. नाही दिला तर साहेब शिक्षा वाढवतील."

अस्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. "चोर कुठला! अरे, पण मग तुम्ही मला का नाही सांगितलं?"

साळिंदर हळूच म्हणाले, "कसं सांगणार, साहेब? काही सांगायचं असेल तर कोल्ह्यालाच सांगा, असा आपलाच हुकूम होता."

तेवढ्यात अस्वलाचे लक्ष कोपऱ्यात गेले. राजाच्या कुरणातले कोवळे गवत खाल्ले म्हणून आत आलेला एक ससा तिथे पडून होता. अस्वलाने त्याच्यापुढे बोरे ठेवली, पण त्याला मानसुद्धा उचलवेना. त्याच्या बरगड्या एकेक करून मोजाव्यात अशा दिसत होत्या.

राजाच्या हुकुमाशिवाय कैद्याला कुंपणाबाहेर न्यायचे नाही, असा कडक नियम होता. पण हुकुमाची वाट पाहिली असती तर ससा वाचला नसता. अस्वलाने क्षणभर विचार केला, सशाला अलगद छातीशी धरले, कैद्यांच्या राखणीला शेजारच्या माळावरच्या माळढोक पक्ष्याला बसवले आणि ते तडक सिंहाच्या गुहेकडे निघाले.

सिंह गरजला, "कैदी बाहेर कसा? कोणाच्या परवानगीने?"

अस्वल म्हणाले, "महाराज, आपण याला कोंडून ठेवायची शिक्षा दिली होती, उपाशी मारायची नव्हे. ती मी दिली. लबाडी कोल्ह्याने केली खरी, पण त्याच्या हाती पाटी मी दिली, आणि मी झोपलो. माझं काय करायचं ते नंतर करा. आधी याला वाचवा."

सिंहाने सशाकडे पाहिले आणि वैद्यबुवा कासवाला बोलावणे पाठवले. कोल्ह्याला पकडून आणायला लांडगे धावले. अस्वलाला मात्र त्याने कामावरून काढले नाही. तो म्हणाला, "जा. उद्यापासून प्रत्येकाच्या समोर बस आणि तो जेवेपर्यंत उठू नकोस."

अस्वलाने ते मनापासून केले. ससा वाचला, पण त्याचे मागचे पाय अधूच राहिले. त्याच्या सुटकेच्या दिवशी अस्वलाने स्वतः कुंपणाचे काटे बाजूला सारले. ससा बाहेर आला आणि त्याने उडी मारायचा प्रयत्न केला. उडी काही जमली नाही. मग तो एकेक पाय टाकीत, खुरडत गवताकडे निघाला, आणि दिसेनासा होईपर्यंत अस्वल त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

तात्पर्य : ज्याला आपण कोंडून ठेवतो, त्याच्या जिवाचा भार आपल्याच शिरावर असतो; तो दुसऱ्यावर टाकून झोपी जाणारा सज्जनही अन्यायाचा धनी होतो.