कमळतळ्यातली परदेशी नाणी

हत्तीखडकाच्या लेण्यांपाशी झुंबर नावाची एक मुलगी राहायची. आठ वर्षांची, काडीसारखी बारीक, दोन वेण्यांना दोन पिवळ्या रिबिनी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तुम्ही म्हणाल, परीच्या गोष्टीतली मुलगी कशी गोड, सोशिक असायला हवी! बरं. पण तिला एवढा राग कशाचा होता, ते आधी ऐका तरी. ऐकलंत की तुम्हीसुद्धा दातओठ खाल.

झुंबरला आई नव्हती. होते ते आबा. आबा मऊ, हिरवट दगडातून इवलेइवले हत्ती कोरायचे. अंगठ्याएवढा हत्ती, पण त्याच्या पाठीवर झूल, झुलीला घुंगरं आणि सोंडेच्या टोकाला एवढुस्सं कमळ. लेणी बघायला देशोदेशीची माणसं यायची, ती हत्ती घ्यायची आणि बापलेकीची चूल पेटायची. पण पोळ्यानंतरच्या गर्दीत कुणाचा तरी जाडजूड बूट आबांच्या चष्म्यावर पडला. एका भिंगाचा चुरा झाला, दुसऱ्याला तडा गेला, आणि बूटवाला "सॉरी, सॉरी" म्हणत पुढे निघून गेला. तेव्हापासून आबांची छिन्नी दगड सोडून बोटावर पडू लागली. हत्तींच्या सोंडा वाकड्या झाल्या, एक कान सुपाएवढा तर दुसरा पानाएवढा. असले हत्ती घेणार कोण?

नवा चष्मा अकराशे रुपयांचा. आणि गंमत बघा. गंमत कसली, चीड आणणारी गोष्ट बघा. झुंबरच्या पत्र्याच्या डब्यात त्याहून कितीतरी जास्त पैसा होता, पण तो चालत नव्हता.

त्याचं असं झालं, की देशोदेशीच्या पाहुण्यांना एक खोड होती. सहल संपत आली की ते खिसे झाडायचे. खिशात सापडायची वाटेतल्या कुठल्या कुठल्या देशांची उरलीसुरली नाणी. ती समोरच्या पोराच्या हातावर ठेवायची, गालावर टिचकी मारायची, आणि दानशूर कर्ण झाल्यासारखं हसत बसमध्ये चढायचं! नाणी दिसायला भारी सुंदर. सोनेरी काठाची रुपेरी, तांबूस, सात कोनांची. पण झुंबर डबा घेऊन तालुक्याच्या बँकेत गेली, तेव्हा काचेमागचे साहेब म्हणाले, "नोटा असतील तर आण, बाळ. परदेशी नाणी कुणीच घेत नाही."

चष्मेवाल्याने तर डब्यात पाहिलंसुद्धा नाही.

लेण्यांवरच्या पोरांनी यावर एक उपाय काढला होता. त्याला ती म्हणायची, नाण्याचा माणूस शोधणं. ज्या देशाचं नाणं, त्या देशाचा पाहुणा गाठायचा, नाणं त्याच्या हातात द्यायचं आणि बदल्यात आपली नोट घ्यायची. पण कोण कुठल्या देशाचा, हे कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं? पोरं टोप्यांवरून आणि केसांवरून ओळखायला जायची आणि हमखास फसायची. झुंबरने सोनेरी केसांच्या एका बाईला सोनेरी काठाचं नाणं दाखवलं, तर बाई भलत्याच देशाची निघाली आणि तिने हात झटकून तिला हाकलून दिलं. गवती टोपीवाला तर आपल्या नागपूरचाच निघाला!

आबांनी चांगल्या डोळ्यांनी कोरलेला एकच हत्ती आता उरला होता. झुंबरने तो फडक्यात जपून ठेवला होता. त्याचे नीट पैसे आले असते, तर चष्म्याची सुरुवात तरी झाली असती. एका दुपारी एक तांबड्या गालांचे गृहस्थ आले. त्यांनी हत्ती उचलला, "ब्युटिफुल!" म्हणाले आणि झुंबरच्या मुठीत तीन नाणी कोंबली.

"हे नको! नोट द्या, नोट!" झुंबर ओरडली.

"कीप, कीप!" गृहस्थ हसून म्हणाले. बसचा भोंगा वाजला, आणि गृहस्थ हत्तीसकट गेले.

झुंबर धावत आबांकडे आली. आबा चिंधी बांधलेल्या बोटांनी दगड चाचपत होते.

"जाऊ दे गं माय," आबा म्हणाले. "पाहुणा हाय. पाहुण्यावर रागावू नाही."

मग तर झुंबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे म्हणायचे जाऊ दे, जाऊ दे, आणि जायचं मात्र हिचंच! तिने डबा उचलला आणि ती बागेकडे पळाली.

लेण्यांसमोर एक बाग होती आणि बागेत कमळतळं. काठावर जास्वंद, सोनचाफा, पिवळीधमक शेवंती. नुसतं बघावं असं. तळ्याशी उभं राहून झुंबरने डबा डोक्यावर धरला आणि सगळीच्या सगळी नाणी पाण्यात भिरकावली.

"मरा तिकडं! वर्षभर जपलं तुम्हाला, काय कामाची तुम्ही?"

"आई गं!" तळ्यातून कुणीतरी किंचाळलं.

पाणी निळं झालं, मग गुलाबी, मग मोरपिशी. त्यातून एक परी वर आली. कमळाच्या पाकळ्यांचा परकर, दवाच्या थेंबांची माळ, पाठीवर चतुराचे असतात तसे लखलखते चिमुकले पंख. आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ!

"आता तूसुद्धा?" परी कडाडली. "जो येतो तो माझ्या डोक्यात नाणी घालतो! ह्यांच्या खिशात जे चालत नाही ते माझ्या तळ्यात. आणि वर मागणं बघ, मला बंगला दे, मला राजकुमार दे! दमडी टाकायची आणि राज्य मागायचं!"

झुंबर घाबरायला हवी होती. पण रागाच्या भरात ती घाबरायचंच विसरली.

"मी काही मागितलं का तुला?" ती म्हणाली. "मला काय ठाऊक, तू खाली बसलीस ते?"

परीने झुंबरकडे नीट पाहिलं. पिवळ्या रिबिनी, रिकामा डबा, डोळ्यांत काठोकाठ पाणी. मग तिने टेंगूळ चोळलं आणि आवाज एकदम मऊ केला.

"खरंच की. तू काहीच मागितलं नाहीस. ये, बस. काय झालं ते सांग मला."

झुंबरने सांगितलं. चष्मा, बूट, बँक, हत्ती, सगळं. ऐकता ऐकता परीचे पंख रागाने थरथरू लागले.

"हे बघ, बाळे," ती म्हणाली. "आम्हा तळ्यातल्या पऱ्यांचे नियम कडक असतात. टाकणाऱ्याला ज्या नाण्याची किंमत असते, त्याच नाण्यावर इच्छा पुरी होते. उरलेलं, टाकाऊ नाणं इथे चालत नाही. इतक्या वर्षांत मी एकही इच्छा पुरी केलेली नाही. पण तू वर्षभर जपलेलं टाकलंस. तुझी एक इच्छा मी देणं लागते. मात्र माझ्याकडे पैसे मागायचे नाहीत, आणि त्या हत्तीखडकाच्या माथ्यावरून ऊन उतरायच्या आत मागायचं."

झुंबरने वर पाहिलं. खडकाच्या माथ्यावर केशरी उन्हाची पट्टी अजून रुंद होती. तिने हात जोडले. "मला आबांचा..."

इतक्यात पाण्यात काहीतरी तडफडलं. एक लालचुटूक, बोटाएवढा मासा. मधोमध भोक असलेलं एक नाणं त्याच्या पोटाभोवती घट्ट अडकलं होतं. बिचाऱ्याला धड पोहता येईना.

"अगं, काढ ना ते!" झुंबर म्हणाली.

"मला धातूला शिवता येत नाही. भाजतं," परीने तळहात पुढे केले. गुलाबी हातांवर काळे काळे डाग पडले होते. "प्रयत्न करून पाहिले. कमळांच्या मुळांवरसुद्धा हीच रास आहे. म्हणून तर यंदा एकही कळी आली नाही."

"आणि कुणी साफ केलं नाही?"

"लोक टाकायला येतात, बाळे. काढायला कोण येणार?"

झुंबरने फ्रॉक खोचला आणि ती गुडघाभर पाण्यात उतरली. आधी मासा ओंजळीत घेऊन तिने नाणं हलकेच सरकवलं. मासा सुळ्ळकन पळाला. इच्छा तर जिभेवर होती, लगेच मागता आली असती. पण पायाखाली नाणीच नाणी टोचत होती आणि झुंबरचा राग आता थांबायला तयार नव्हता. "हे घ्या! आणि हे! खिसा झाडायला दुसरी जागा नाही मिळाली?" एकेका नाण्याला शिव्या घालत ती चिखलातून मुठी भरभरून काढत राहिली. दोन्ही कोपर खरचटले. रिबिनी चिखलात माखल्या. शेवटचं नाणं मुळाच्या बेचक्यात रुतलं होतं, ते तिने नखांनी उकरून काढलं आणि दमून वर पाहिलं.

खडकाचा माथा करडा पडला होता. ऊन उतरलं होतं.

"नाही!" झुंबर ओरडली. "आत्ता होतं! मी मागतच होते! आबांचा चष्मा, परी, आबांचा चष्मा!"

"वेळ संपली," परी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून टपटप मोती गळले. "नियम माझे नाहीत गं. मोडता आले असते तर आधी मीच मोडले असते."

झुंबर काठावर मटकन बसली. राग इतका मोठा झाला की त्याला शब्दच सापडेनात. ती नुसती हमसून हमसून रडली.

परी तिच्याशेजारी येऊन बसली. "इच्छेला नियम असतात," ती हळूच म्हणाली. "उपकार फेडायला नसतात. पैसे मला देता येत नाहीत. पण माणूस दाखवता येतो."

तिने सोनचाफ्याचा पराग फुंकरीने नाण्यांच्या राशीवर उडवला. चिखलाने माखलेली नाणी लख्ख झाली. "ज्या देशाचं नाणं, त्या देशाचं माणूस दहा पावलांवर आलं, की नाणं गुणगुणेल. मग तुला टोप्या बघायला नकोत."

"मी एवढी रागावले तुझ्यावर," झुंबर नाक पुसत म्हणाली. "रागीट पोरांचं देव भलं करत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं? राग राग करत का होईना, तळं कुणी उपसलं?" एवढं बोलून परीने पाण्यात बुडी मारली.

दुसऱ्या दिवशी झुंबरने लेण्यांच्या दाराशी फडकं अंथरून नाणी मांडली. सकाळभर नाणी मुकीच होती. मग छत्री घेतलेल्या एक म्हाताऱ्या आजी आल्या, आणि माशाच्या पोटावरून काढलेलं भोकाचं नाणं भुंग्यासारखं गुणगुणू लागलं! झुंबरने ते पुढे केलं. आजींनी ते पाहिलं, डोळ्यांशी धरलं आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. घरी पोचल्यावर ह्याचा चहा पिईन, असं त्यांनी हातांनी करून दाखवलं आणि रोख नोट मोजली. मग दुसरं नाणं गुणगुणलं, मग तिसरं. उरलेली नाणी ज्याच्या त्याच्या घरी निघाली. कुणी खिसा झाडायला आलाच, तर झुंबर कमरेवर हात ठेवून म्हणायची, "नो! गो होम विथ यू!" आणि तो निमूटपणे नाणं परत खिशात घालायचा.

नवव्या दिवशी चष्मा आला. आबांनी तो नाकावर चढवला, डोळे मिचकावले आणि समोर उभ्या लेकीकडे पाहिलं. खरचटलेले कोपर, आवळलेले ओठ, वर चढलेल्या भुवया. आबा बघतच राहिले.

"अगं माय! एवढी रागावलेली असतीस व्हय तू?" ते म्हणाले. "दिसत नव्हतं, तर मला वाटायचं, आवाजच तसा झालाय तुझा."

मग आबांनी तिला जवळ घेतलं. "जाऊ दे, जाऊ दे म्हणत राह्यलो मी. चुकलंच माझं, लेकी."

झुंबर रडली आणि हसलीसुद्धा. मग म्हणाली, "आबा, एक पाटी कोरून द्या."

आबांनी मोठा दगड घेतला. त्यावर त्यांनी एक नाणं कोरलं, नाण्यावर फुली मारली, म्हणजे वाचता न येणाऱ्या पाहुण्यांनाही कळावं. त्याखाली झुंबर सांगेल तशी अक्षरं कोरली. एकही रेघ वाकडी गेली नाही.

पाटी तळ्याकाठी रोवली, त्या संध्याकाळी तळ्यात सात कळ्या एकदम उमलल्या. मधल्या कमळातून परी वर आली. हातांवरचे डाग गेले होते, कपाळावरचं टेंगूळही. तिने पाटी वाचली आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की हसता हसता तिचा नुसता प्रकाश झाला, गुलाबी, मग सोनेरी, मग पांढराशुभ्र. तो तळ्यावरून, शेवंतीवरून, झुंबरच्या पिवळ्या रिबिनींवरून तरंगत गेला आणि हत्तीखडकाच्या माथ्यावर विझला.

पाटी अजून तिथे आहे. कुणी पाहुणा खिशात हात घालत तळ्याशी आला, की आधी फुली बघतो आणि मग पाटीशेजारी कमरेवर हात ठेवून उभी असलेली मुलगी बघतो. पाटीवर लिहिलंय:

इथे नाणी टाकू नयेत. परी रागावते. मीपण रागावते.