आपली जांभळी

माणूस दिवा लावायला शिकला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. एका रानात काजव्यांचा थवा आला आणि म्हणाला, "पावसाळाभर आम्ही एका झाडावर उजेड करू. झाड तुम्ही ठरवा." निवाडा कासवआजोबांकडे आला.

मोर म्हणाला, "आमच्या पिंपळावर बसवा. आमचा पिसारा झळकेल, रानाची शोभा वाढेल."

साळूबाई साळिंदर म्हणाली, "पाणवठ्याच्या उतारावर जांभळी आहे, तिच्यावर बसवा. अंधारात आपली पोरं तिथं घसरतात. परवा एक वाहून जाता जाता वाचलं."

"साळूबाई, तुमच्या काटेरी पोरांना काय लागतंय!" मोर हसला.

कासवआजोबांनी विचारलं, "साळू, तुला पोरं किती?"

"एकही नाही, आजोबा."

"मग आपली म्हणजे कोणाची?"

साळू गोंधळली. "हरणाची, सशाची, या मोराचीसुद्धा. परवाचं ते त्याचंच होतं."

मोराने पिसारा मिटला. आजोबांनी काजव्यांना जांभळी दाखवली.

त्या संध्याकाळी लांडोर पिलांना घेऊन बिनघोर पाण्यावर उतरली. मागून चिखलात पिसारा सावरत मोर आला. साळूला पाहून म्हणाला, "आपली जांभळी काय सुरेख दिसते, नाही?"