ठकूचा कठडा

नदीला अजून कुणी नावही दिलं नव्हतं, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

त्या नदीकाठी ठकू नावाची लोहारीण राहत होती. भाता ओढण्यापासून जोड देण्यापर्यंत सारं तिला आबांनी, तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. भट्टीच्या धगीने आबांची दृष्टी गेली आणि ते दारातच बसून राहू लागले. नदीवर जायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागे. ते त्यांना मुळीच आवडत नसे.

ठकूने आबांसाठी दारापासून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत लोखंडी कठडा केला. लोखंड तापवून, ठोकून तिने एकेक जोड दिला.

शेजारचा सोनार बघायला आला. म्हणाला, "दणकट आहे हो! पण जोडाजोडावर या गाठी कसल्या? आमच्या दागिन्यात जोड शोधून सापडत नाही."

ठकूला ते लागलं. तिने कानस घेतली आणि प्रत्येक गाठ घासून सपाट केली. कठडा उन्हात लखलखू लागला.

आबा कठडा धरून निघाले. पायऱ्यांच्या वळणावर त्यांनी भार टाकला मात्र, खांबाजवळचा जोड कडकन तुटला. आबा कोसळले. गुडघे फुटले.

ठकू धावत आली. "आबा, चुकलं माझं. मी जोड फार घासले."

आबांनी तुटलेल्या टोकावरून बोट फिरवलं. "सगळं मांसच काढलंस की गं याचं! कुणासाठी घासलंस?"

"बघणाऱ्यांसाठी," ठकू हळूच म्हणाली.

"मग आता धरणाऱ्यासाठी कर. पेटव भट्टी."

ठकूने सगळे जोड पुन्हा दिले. वरच्या दांडीवर तळहात सरकतो, तिथे बोचू नये एवढंच घासलं. खांबांपाशी भार पडतो, तिथल्या गाठी तशाच ठेवल्या. सोनार पुन्हा आला, तेव्हा तिने त्याला आदराने बसवलं. कानस मात्र हातात घेतली नाही.

आबा एकटे निघाले. वळणावर थांबून त्यांनी अंगातला सगळा जोर लावून कठडा हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही. मग ते थेट नदीपर्यंत उतरले, ओंजळभर पाणी प्यायले आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हात लावून बघा रे! माझ्या लेकीने दिलेला जोड आहे हा!"

वर दारात ठकू ताठ मानेने उभी होती.

म्हणून सांगतो: काम देखणं जरूर करावं, पण देखणेपणासाठी त्याचं बळ घासून टाकू नये.