वाळीत टाकणारा कोण?

एकदा खाडीकाठच्या एका गावी अनंतशास्त्री नावाचे वृद्ध वैयाकरण शब्दकोश रचीत होते. लेखनाला त्यांचा शिष्य नरहरी होता. त्या दुपारी 'वाळीत टाकणे' हा शब्दप्रयोग आला. नरहरीने अर्थ लिहिला : 'एखाद्याशी समाजाने सर्व व्यवहार बंद करणे.'

"वाक्यात उपयोग कर," शास्त्रीबुवा म्हणाले.

उदाहरण पलीकडच्या आळीतच होते. देवळाच्या जमिनीच्या तंट्यात गुणाजी सुताराने पंचांविरुद्ध खरी साक्ष दिली होती. नरहरीने लिहिले, 'गुणाजीला वाळीत टाकले आहे.'

"यात कर्ता कोण?"

"अध्याहृत आहे, गुरुजी; वाक्यात दिसत नाही. पंच असावेत."

शास्त्रीबुवांनी लेखणी ठेवली आणि उपरणे घेतले. "गुणाजीची आई पहाटे गेली. अजून कोणी तिकडे फिरकलेले नाही. चल."

आठ दिवसांवर नरहरीच्या बहिणीचे, कावेरीचे, लग्न होते. "गुरुजी, कोणी पाहिले तर सोयरीक मोडेल."

"मोडेलही. मोडणार नाही, असे मी कसे सांगू?" एवढे बोलून ते निघाले. नरहरी मागोमाग गेला.

गुणाजीच्या अंगणात तिरडी बांधून ठेवलेली होती. तिच्याजवळ तो आणि त्याची बायको द्रौपदा नुसतेच बसले होते. शास्त्रीबुवांनी आपला सत्तरीतला खांदा पुढे केला. तिघे झाले; चौथा हवा होता. फाटकाशी थबकलेल्या नरहरीजवळ येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "पंचांनी शब्द एकदाच उच्चारला. टाकण्याची क्रिया मात्र रोज घडते आहे, आणि ती करणारा प्रत्येक जण स्वतःला अध्याहृत समजतो. आता मागे फिरलास, तर त्या वाक्याचा कर्ता तू."

समोरच्या खिडकीच्या फटीतून कोणीतरी पाहत होते. नरहरीने वाकून तिरडीचे चौथे टोक धरले.

गुणाजीने एका हाती मडके घेतले, दुसऱ्याने दांडा सावरला. आळीतली दारे एकेक करून लागत गेली.

"जड होतंय का, भाऊ?" पुढून द्रौपदाने विचारले. दोन महिन्यांत ती प्रथमच कोणा गावकऱ्याशी बोलत होती.

"नाही, वहिनी."

संध्याकाळी वरपक्षाचा निरोप आला. सोयरीक मोडली होती. नरहरीने मान खाली घालून तो बहिणीला सांगितला. कावेरीचे डोळे भरून आले.

"दादा," ती म्हणाली, "त्या घरात उद्या माझं काही बरंवाईट झालं असतं, तर मला उचलायला कोण आलं असतं?"